चोवीस पूर्णांक आठ

वजनकाट्यावर, पेट्रोल पंपावर, कुठल्याशा बिलावर चोवीस पूर्णांक आठ हा आकडा दिसला की माझं डोकं फिरतं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत माझी पाणी तपासण्याची लहानशी प्रयोगशाळा आहे, आणि माझा सगळा दिवस आकड्यांतच जातो. बाकी कुठल्या आकड्याशी माझं वैर नाही, ह्या एकाशी आहे. वय झालं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवलेला नाही, आणि तो निवावा अशी माझी इच्छाही नाही. काय घडलं ते एकदा नीट लिहून ठेवते.

आमचं घर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या अंगाला, खाडीकाठच्या जुन्या गावात होतं. आम्ही कोळी. बाबा रेतीच्या होडीवर जायचे आणि संध्याकाळी कानात वाळू घेऊन परत यायचे. जेवताना ते बोलत नसत, आणि घरात जे काही ठरायचं ते आई ठरवायची. खाडीतली मासळी तेव्हाच संपत आली होती. वरच्या कारखान्यांचं पाणी येऊन मिळायचं, ओहोटीला चिखलावर जांभळट तवंग दिसायचा, आणि निवट्या-चिंबोऱ्यांचं कालवण ही वर्षातून एखाददुसऱ्या वेळची चैन झाली होती. म्हणून आई ठाण्याच्या बाजारातून माल आणून डोंबिवलीच्या बाजारात विकायची. टेम्पोचा हॉर्न, मग बर्फाची लादी फोडल्याचा आवाज, मग विळीवर खवले निघताना होणारी खरखर, आणि मागे स्टोव्हची फरफर, असा आमच्या सकाळचा क्रम होता. मी विळीवर असायचे. कोलंबी सोलायची, बांगड्याची पोटं काढायची, आणि घड्याळाकडे बघत उठायचं. घरात मासळी भरपूर असली तरी आम्ही खायचो ती न विकलेली. डोकी, शेपट्या, मोडकी कोलंबी. आई त्यात चिंचेचा कोळ असा काही घालायची की तांदळाच्या भाकरीबरोबर बाबा एकही शब्द न बोलता तीन वेळा वाटी पुढे करायचे. आमच्या घरात कौतुक म्हणजे तेवढंच.

कॉलेजला निघण्याआधी मी हाताला लिंबू चोळायचे. पिळून झालेल्या फोडी आई खिडकीत माझ्यासाठीच ठेवायची. कोलंबीच्या काट्यांनी बोटांवर बारीक चिरा पडलेल्या असत, त्यात लिंबू शिरलं की झोंबायचं. पण पाण्याने न जाणारा वास लिंबाने जायचा. का जातो ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. मासळीचा वास ज्या पदार्थाचा असतो तो सौम्य अल्कली आहे, अमोनियाचा चुलतभाऊ म्हणा. तो हवेत उडतो म्हणून नाकाला कळतो. त्याला आम्ल भेटलं की त्याचं मीठ होतं. मीठ उडत नाही, म्हणून वास येत नाही. फळ्यावर हे समीकरण पाहिलं त्या दिवशी मी टेबलाखाली माझ्याच बोटांकडे बघत बसले होते. मी रोज सकाळी घरातून आम्ल-अल्कलीचं एक टायट्रेशन करून निघत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

आईची बाजारातली एक रीत इथे सांगायला हवी. गिऱ्हाईक भाव पाडायला मालाला नावं ठेवतं, हे चालायचंच. पण कुणी चांगल्या मासळीला ‘शिळी आहे’ म्हटलं, की आई मासा उचलायची, त्याचा कल्ला उघडून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, “नाक लाव. आता परत बोल.” ओरडायची नाही. शिवी द्यायची नाही. नुसतं “परत बोल.” भल्याभल्यांना परत बोलता यायचं नाही. मी तिच्या शेजारी बसून शरमेने मान खाली घालायचे. मला वाटायचं, एवढ्याशा बोलण्याचं ही किती धरून बसते.

माझ्या शिकण्याला तिने हरकत घेतली नाही, पण अट घातली. बारावीनंतर मी कल्याणच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं, त्या दिवशी बांगडे धुता धुता ती म्हणाली, “शिक. पन एकदा जरी नापास झालीस ना, वनी, तर मासलीची पाटी उचलायची. मना एकटीला आता होत नाय.” ती दुष्ट नव्हती. तिची कंबर गेली होती, आणि माझं कॉलेजचं प्रत्येक वर्ष म्हणजे तिच्या मदतीचा एक हात कमी. हिशेब सरळ होता. मला तो मान्यही होता. फक्त मला पाटी उचलायची नव्हती. मला ब्युरेट आवडायची. काचेच्या त्या उभ्या नळीतून थेंब थेंब सोडताना हात स्थिर ठेवायचा आणि एका थेंबाने सगळं बदलताना बघायचं, ह्यापेक्षा जास्त आनंद मला कशात मिळाल्याचं आठवत नाही.

आता तो प्रयोग. अमोनियाचं द्रावण बीकरमध्ये घ्यायचं, वरून ब्युरेटने हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचं, आणि दर वेळी पीएच मीटरचा काटा किती दाखवतो ते लिहायचं. सुरुवातीला काटा अकराच्या थोडा वर असतो. आम्ल पडायला लागलं की थोडा उतरतो आणि मग नऊच्या आसपास रेंगाळतो. घालत जा, घालत जा, काटा हलल्यासारखं करतो आणि तिथेच राहतो. निम्मा अमोनिया संपतो तेव्हा तो सव्वानऊवर असतो, द्रावण कितीही कडक किंवा पातळ असो. मग शेवटच्या काही थेंबांत एकदम कोसळतो. जिथे सगळा अमोनिया नेमका संपतो तिथे पीएच सात नसतो, सव्वापाचच्या जवळ असतो, कारण मागे उरलेलं मीठ स्वतःच जरा आम्लधर्मी असतं. त्यापुढे जे काही पडेल ते नुसतं आम्ल. ह्या प्रत्येक टप्प्याचं गणित वेगळं, आणि आमचे सर ते गणित फार सुंदर शिकवायचे. सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. खडूने फळ्याच्या एका टोकाला अकरा लिहून ते दुसऱ्या टोकाला दोनपर्यंत असे उतरत जायचे की वर्गातल्या ढ मुलालाही लॉग टेबल उघडावंसं वाटे. ते श्रेय मी त्यांना देते. बाकी काही देत नाही.

कारण त्यांच्या त्या सुंदर गणिताचा उपयोग आमच्या कॉलेजात भलताच व्हायचा. प्रयोगशाळेत पीएच मीटर दोन, त्यातल्या एकाचा काटा अडकलेला. अख्ख्या बॅचला एक मीटर पुरणार कसा? म्हणून एक रीत पडली होती. कुणीतरी एकाने खरा प्रयोग करायचा, शेवटी किती मिली आम्ल लागलं तो आकडा बाहेर काढायचा, आणि बाकीच्यांनी त्यावरून सूत्राने उलटं गणित करून सगळी रीडिंगं बनवायची. पाच मिलीला पीएच इतका, दहाला इतका, वीसला इतका. मोजायचं काहीच नाही. वार्षिक परीक्षेत तर सकाळची बॅच बाहेर पडताना दुपारच्या बॅचला आकडा देऊन जायची. मुलं त्याला मटक्याच्या भाषेत बोलायची. “काय रे, आज ओपन काय लागला?” “चोवीस आठ!” समोशाच्या ठेल्यावर हे उघड चालायचं. सरांना माहीत होतं. सगळ्यांची उत्तरं जुळत होती, कॉलेजचा निकाल चांगला लागत होता, मीटर दुरुस्त करायला कुणी सांगत नव्हतं.

मी काही सत्याची पुतळी नव्हते. वर्षभर मीही आकडा घेतलेला आहे. पण दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला माझी बॅच दुपारची होती; त्या दिवशी आईचा टेम्पो उशिरा आला, मी विळीवरून उठले ती थेट कॉलेजला पोचले, आणि समोशाच्या ठेल्यावर जायला वेळच मिळाला नाही. आकडा माझ्यापर्यंत आला नाही, एवढंच. पटावर माझं नाव पहिलं होतं, त्यामुळे चालू मीटर पहिल्यांदा मला मिळाला. मी मुकाट्याने प्रयोग करायला घेतला.

प्रयोगशाळेत शिरताना मला अमोनियाचा वास आला होता. चांगला, डोळ्यांना लागेल इतका. अमोनियाच्या मोठ्या बाटलीचा नळ गळत होता, म्हणून सकाळी कुणीतरी सगळं द्रावण प्लॅस्टिकच्या पसरट टबात ओतून ठेवलं होतं. टब खिडकीजवळ, वर पंखा गरगरतोय. मुलांना पिपेट भरायला सोपं पडावं म्हणून केलेली सोय. सकाळपासून तो टब तसाच उघडा होता.

माझा काटा बावीस पूर्णांक आठला कोसळला. मी पुन्हा केलं. पुन्हा बावीस आठ. शेजारच्या टेबलावर शुभांगी होती, डोंबिवली पूर्वेची, लॉग टेबल तोंडपाठ असलेली. अर्ध्या बॅचची गणितं तीच करून द्यायची. तिने माझ्या कागदाकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाली, “अगं ए, चोवीस आठ आहे. सकाळच्यांनी दिलाय.”

“माझं बावीस आठ येतंय.”

“येऊ दे ना! लिहिताना चोवीस आठ लिही. वेडी आहेस का? नापास व्हायचंय?”

नापास व्हायचं नव्हतं. मी खोडरबर हातात घेतलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते माझ्या प्रामाणिकपणामुळे झालं असं कुणाला वाटू नये. मी खोडणारच होते. तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले.

“हे काय? बाकी सगळ्यांचं चोवीस आठ, आणि तुझं दोन मिली कमी?”

मला जे दिसत होतं ते मी सांगितलं. “सर, अमोनिया उडालाय. टब उघडा आहे. सबंध लॅबमध्ये वास येतोय बघा. वास हवेत आहे म्हणजे तेवढा अमोनिया टबात नाही.”

सरांनी नाक आक्रसलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बॅचला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “वासाचं तू नको सांगूस. नाकाने मोजणं बाजारात चालतं. तिथेच जाऊन बस.”

हशा पिकला. पोट धरून हसावं असा नाही. सर बोलले म्हणून हसायचं असतं, तसला. शुभांगीही हसली. मी माझे हात पाहिले. त्या दिवशी मी दोन फोडी चोळल्या होत्या, परीक्षा म्हणून. हाताला लिंबाशिवाय कशाचाही वास नव्हता. सरांना माझा वास आलाच नव्हता. त्यांनी माझा पत्ता हुंगला होता.

मी खोडरबर खाली ठेवलं. “माझं बावीस आठच आहे,” मी म्हणाले.

“मग शून्य देतो. चालेल?”

“बाहेरच्या परीक्षकांना विचारते.”

बाहेरच्या परीक्षक म्हणजे ठाण्याच्या एका कॉलेजातून आलेल्या बाई. उंच, चष्मा साखळीला लावलेला, बोलणं कोरडं. त्या स्टाफरूममध्ये चहा पीत होत्या. मी स्वतः जाऊन त्यांना बोलावून आणलं. विद्यार्थिनीने परीक्षकाला असं उठवून आणायचं नसतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. सर मागून “ए, ए” करत राहिले. बाई आल्या, माझा कागद पाहिला, मग इतरांचे दोन-चार कागद उचलले आणि चष्मा लावून वाचत राहिल्या.

“ह्या मीटरला दुसरा दशांश वाचता येतो?” त्यांनी सरांना विचारलं.

सर म्हणाले, “नाही, तसा... अंदाजाने.”

“सगळ्यांचा अंदाज दुसऱ्या दशांशापर्यंत जुळलाय. छान.” मग माझ्याकडे वळल्या. “तू म्हणतेस बावीस आठ. हे म्हणतात चोवीस आठ. कसं ठरवायचं?”

मला राग इतका आला होता की डोकं अगदी थंड झालं होतं. मी म्हणाले, “बाई, टबातलं पंचवीस मिली घ्या. त्यात एकदम चोवीस आठ आम्ल ओता. मग पीएच बघा. त्यांचं बरोबर असेल तर काटा सव्वापाचच्या आसपास थांबेल.”

“आणि तुझं बरोबर असेल तर?”

“दोन मिली आम्ल जास्त झालेलं असेल. ते सगळं मिळून पन्नास मिलीत पसरेल.” मी कागदाच्या कोपऱ्यात आकडेमोड केली. दोन मिली गुणिले आम्लाची शून्य पूर्णांक एक ही तीव्रता, भागिले पन्नास. शून्य पूर्णांक शून्य शून्य चार. त्याचा लॉग. शुभांगीच्या तोंडाकडे बघितलं तर तिचं उत्तर माझ्या आधी तयार होतं, पण ती बोलली नाही. “दोन पूर्णांक चार,” मी म्हणाले.

“लिही,” बाई म्हणाल्या. “मोठ्या अक्षरात. सगळ्यांना दिसेल असं.”

मी फळ्यावर लिहिलं. २.४. सरांच्या फळ्यावर, सरांच्या खडूने. बाईंनी स्वतः पिपेट भरली, स्वतः ब्युरेट सोडली. अख्खी बॅच टेबलाभोवती गोळा झाली. आम्ल पडत गेलं, काटा नऊच्या आसपास घुटमळत राहिला, सर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते. मग काटा खाली आला. सव्वापाच ओलांडला. चार. तीन. थरथरत अडीचच्या जरा खाली जाऊन थांबला. माझ्या आकड्यापासून मीटरवर एक रेघ इकडेतिकडे होईल इतकंच. मागून कोणतरी “आयला” म्हणालं.

इथे ही गोष्ट संपली असती तर मी ती इतकी वर्षं बाळगली नसती.

बाई सरांना घेऊन खिडकीपाशी गेल्या. हळू बोलत होत्या, पण मला शब्द लागत होते. सगळ्या बॅचने रीडिंग बनवलंय हे उघड होतं. सगळ्यांना नापास करायचं तर विद्यापीठापर्यंत जाणार, सकाळच्या बॅचचंही निघणार. परत आल्या त्या माझ्यापाशी. “तुझं बरोबर आहे. तुला पूर्ण मार्क. बाकीच्यांचं मी बघते. तू आता बाहेर ह्याची वाच्यता करू नकोस.” थोडक्यात, मी खरी होते आणि बाकीचे खोटे होते, आणि आम्ही सगळेच पास होतो.

मी म्हणाले, “बाई, मार्क ठीक आहेत. पण सर मला जे बोलले ते त्यांनी परत घ्यावं.”

“काय बोलले?”

मी बॅचकडे पाहिलं. माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. दुसऱ्या कुणी सांगावं असं वाटलं. जे हसले होते त्यातल्या एकाने तरी. बाईंनी विचारलं, “कुणी ऐकलं?” एक जण ब्युरेट धुवायला लागला. एकाने ॲप्रनची गुंडी लावली. शुभांगी म्हणाली, “मी गणित करत होते, बाई.” काटा सगळ्यांनी पाहिला होता. वाक्य कुणीच ऐकलं नव्हतं.

“मी तेव्हा इथे नव्हते,” बाई म्हणाल्या. “जे मी बघितलं नाही त्यावर मी सही करत नाही.” नियमाने त्या बरोबर होत्या. नियमाने बरोबर असलेल्या माणसांचा मला तेव्हापासून फार कंटाळा आहे.

आज माझ्या प्रयोगशाळेत कामाला असलेली पोरंपोरी मोबाईलवर एकमेकांना रीडिंग पाठवतात. मला कळतं. मी काही बोलत नाही, नुसतं म्हणते, “चल, माझ्यासमोर कर.” रडतात कधीकधी. पण त्यांच्या नावागावावरून मी त्यांना एक अक्षर बोललेले नाही, आणि दुसऱ्या कुणाला बोलू दिलेलं नाही. एकाने एकदा प्रयत्न केला. तो आता दुसरीकडे नोकरी करतो.

परीक्षेच्या त्या दिवशी मी घरी आले तेव्हा आई कोलंबीच्या टोपलीत बर्फ भरत होती. तिने मान वर न करता विचारलं, “पास?”

“पास.”

“मंग त्वांड का असा?”

मी सांगितलं. वाक्य सांगितलं नाही, नुसतं ‘सर घालूनपाडून बोलले’ एवढंच म्हणाले. आईने हात थांबवले. “तसा नाय. मना शब्दाला शब्द सांग.” तेव्हा मी सांगितलं. घरात पहिल्यांदाच ते मोठ्याने उच्चारलं. बाबा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले. आईने हातातला बर्फ खाली ठेवला. तिच्या हातांतून पाणी ठिबकत होतं.

“बाजारात जाऊन बस बोलला?”

“हो.”

“मी बसतंय ना बाजारात. शिवी हाय का ती?” तिचा आवाज चढला होता, आणि तो माझ्यावर चढलाय की सरांवर हे मला कळेना. “आनि तू काय केलंस?”

“परत घ्या म्हणाले. नाही घेतलं.”

“तू बोललीस का, त्याचा शब्द? त्याच्या त्वांडावर?”

“नाही.”

“मंग परत जा,” आई म्हणाली आणि बर्फ भरायला लागली.

बाबा त्या दिवशी जेवताना बोलले. “तिसऱ्या वर्षाला सही त्याचीच लागते ना?” एवढंच. त्यांना जे कळलं होतं ते मलाही कळलं होतं. तिसऱ्या वर्षाला रसायनशास्त्र कुणाला द्यायचं, कुणाला नाही, हे सर ठरवायचे. जागा थोड्या होत्या. नाव गाळायला त्यांना कारणही द्यावं लागलं नसतं. आणि तिथे नाव गळालं की पुढे काय, हे आमच्या घरात कुणाला सांगायला नको होतं. पाटी दाराशीच ठेवलेली असायची.

आई म्हणाली, “लागू दे सही.”

सुट्टी संपून प्रवेश सुरू झाले त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये गेले. अर्ज हातात होता. सगळे प्राध्यापक तिथेच होते. डबे उघडलेले, कुणाच्यातरी लसणाच्या चटणीचा वास सुटलेला. त्याबद्दल मात्र कुणाला काही म्हणायचं नव्हतं. सरांनी मला पाहिलं, अर्जासाठी हात पुढे केला, पेन उघडलं. मला वाटतं त्यांना हे लवकर उरकायचं होतं. न बोलता सही करून मोकळं व्हायचं होतं. मी अर्ज दिला नाही.

“सर, आधी ते वाक्य.”

“कुठलं वाक्य?”

“परीक्षेच्या दिवशीचं.”

“मला काही आठवत नाही. सही हवीय की नको?”

“हवीय. तुम्हाला आठवत नसेल तर मी सांगते.” आवाज कसा निघाला माहीत नाही, पण निघाला, आणि माझा नव्हताच तो, बाजारातला होता. “‘वासाचं तू नको सांगूस. नाकाने मोजणं बाजारात चालतं. तिथेच जाऊन बस.’ हे तुम्ही बोललात, सर. माझी आई बाजारात बसते. आता परत बोला.”

भौतिकशास्त्राच्या मॅडमनी चमचा खाली ठेवला तो काचेवर वाजला.

सर हसले. “अगं, मी मस्करीत बोललो होतो.”

“मग इथे परत बोला. म्हणजे सगळे हसतील.”

सरांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीच त्यांच्याकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या डब्यात बघत होते. मी वाट पाहिली. मी त्या वेळी माझी जागा घालवतेय हे मला स्वच्छ माहीत होतं, आणि तरी मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. मग माझ्या हातातून अर्ज जवळजवळ ओढून घेतला, सही ठोकली आणि टेबलावर टाकला.

“जा,” म्हणाले.

माफी त्यांनी मागितली नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही. काही माणसांनी मला नंतर समजावलं की सही म्हणजेच माफी, त्यांच्या वयाच्या, त्यांच्या हुद्द्याच्या माणसाने आणखी काय करायचं. मला हे पटत नाही. सही माझ्या मार्कांची होती. माफी त्या वाक्याची होती. ती येणे आहे अजून, आणि सर आता ह्या जगात नाहीत, म्हणजे ती येणारही नाही. त्याचाही मला राग आहे.

बाजारात जाऊन आईला सांगितलं. ती गिऱ्हाइकाला पापलेट दाखवत होती. “बोलला परत?” तिने विचारलं.

“नाही. बोलता आलं नाही.”

“हां,” आई म्हणाली, आणि गिऱ्हाइकाकडे वळली. “ताई, घ्यायचा हाय का नुसताच दाबायचा हाय?”

तिसऱ्या वर्षाचं पहिलं प्रॅक्टिकल लागलं. त्या दिवशी मी विळीवरून उठले, साबणाने हात धुतले आणि खिडकीतली लिंबाची फोड तशीच राहू दिली. प्रयोगशाळेत टब दिसला नाही. अमोनिया काचेच्या नव्या बाटलीत होता, वर घट्ट बूच, आणि ते बूच कुणी काढून हरवू नये म्हणून सुतळीने बाटलीच्या मानेला बांधलेलं. मीटर मात्र अजून दोनच होते, एक अडकलेला. सर पलीकडच्या टोकाला, माझ्याकडे पाठ करून उभे होते. शुभांगी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि नेहमीसारखं म्हणाली, “आकडा कितीय गं?”

“अजून केलं नाही,” मी म्हणाले.

मी बूच काढलं. बाटली नाकाशी नेली, आणि सगळ्या लॅबला ऐकू जाईल असा जोरात श्वास घेतला. तसं करायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. सरांनी वळून पाहिलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. अमोनियाने. कडक होता, काहीही उडालेलं नव्हतं. मी बूच लावलं, सुतळी सारखी केली, आणि ब्युरेट भरायला घेतली.